रिव्हॉल्व्हर कोणते घ्यावे? आधी कीड ओळखा



कापूस घरात आला की चोरही गावात येतो. गेल्या हंगामात आमच्या बैठकांतून कापसाच्या भावाइतकाच एक प्रश्न विचारला गेला : "घरात ठेवायला आणि कमरेला लावायला लहान रिव्हॉल्व्हर कोणते चांगले?" विचारणारे गुंड नव्हते. वावरातल्या वस्तीवर राहणारी, कापसाचे रोख पैसे पेटीत ठेवून रात्र काढणारी माणसे होती. पोलीस ठाणे कोसभर दूर आणि फोन केला तर गाडीत डिझेल नाही. अशा माणसाला "हत्याराचा नाद सोडा" एवढेच सांगून उठणे बरे नव्हे.

आम्ही शेतकी शिकलो तेव्हा पहिला धडा हा होता, की आधी कीड ओळखा, नुकसानीची पातळी मोजा, मग औषध निवडा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर गुलाबी बोंडअळीसाठी फवारा. दुकानदार म्हणाला म्हणून फवारू नका. हत्याराचाही हिशेब तोच.

पहिली कीड रानडुक्कर आणि रोही. हुरड्यात आलेल्या ज्वारीत रात्री कळप शिरतो आणि महिन्याची मेहनत तासात आडवी होते. इथे रिव्हॉल्व्हर बिनकामाचे. तीन इंच नळीच्या हत्याराने अंधारात पळते डुक्कर पडत नाही. जखमी झाले तर उलट अंगावर येते. शिवाय त्याला मारायला वन्यजीव कायद्याखाली परवानगी वेगळी लागते. पण एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगितलेलीच नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम १३(३). खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी शेतकऱ्याने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर तो 'द्यावा' असे कायदा म्हणतो. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. रिव्हॉल्व्हरला मात्र 'सबळ कारण' दाखवावे लागते आणि ते सबळ आहे की नाही हे साहेब ठरवतो. म्हणजे जे शेतकऱ्याच्या कामाचे आहे त्यावर त्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि तो मागतो मात्र पुढाऱ्याच्या कमरेला दिसते ते.

दुसरी कीड चोर. आता रिव्हॉल्व्हरकडे नीट पाहू. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' काढले : .३२ बोअर, सहा गोळ्या, वजन अर्धा किलो. किंमत साधारण १ लाख २२ हजार. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ४,०५० रुपये. म्हणजे तीस क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले, तर साडेसात एकरांचे पीक एका रिव्हॉल्व्हरला! २०२३ साली 'प्रबल' आले. त्याचा पल्ला ५० मीटर सांगतात. पण पल्ला हत्याराचा असतो. हात आपला असतो.

लहान रिव्हॉल्व्हरचा गुण एकच, रचना साधी. एक काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. दोष तीन. नळी आखूड, म्हणून नेम चटकन चुकतो. वजन हलके, म्हणून झटका जास्त. आणि चाप जड, म्हणून सरावाशिवाय हात हलतो. सराव करायचा कुठे? तालुक्याला चांदमारी नाही. कुलपात ठेवले तर वेळेवर हाती येत नाही. उशाखाली ठेवले तर आधी पोराच्या हाती लागते.

कायदाही समजून घ्या. रात्री घर फोडून शिरलेल्या माणसापासून बचाव करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा नाही. वावरातून कापूस वेचून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर आरोपी तुम्ही. बिनपरवान्याचा कट्टा तर घेऊच नका : २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा दोन ते पाच वर्षे केली आहे. वरातीत बार काढला तरी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तिसरी गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलणार. आपल्या जिल्ह्यांत चोराने मारलेले शेतकरी किती आणि कर्जाने खचून स्वतःच गेलेले किती? ज्यांच्या दारात आम्ही मातीला गेलो, ती दारे आम्हाला आठवतात. अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत आणि तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. वाईट रात्र निघून जाते. ती निघून गेली तर माणूस बहुधा वाचतो. गोळी ती उसंत देत नाही. नापिकीच्या वर्षी हे हत्यार घरात असावे का, हे घरच्या बाईला विचारा. तिचे उत्तर आम्हाला मान्य आहे. आणि कीटकनाशकाचे डबेही कुलपात ठेवा.

म्हणून आमचे सांगणे असे. कापसाचे पैसे खात्यात घ्या; घरात रोकड नसेल तर चोराला येण्याचे कारण नाही. गावाने पाळीपाळीने जागल बांधावी. बॅटरी, शिट्टी, दोन चांगली कुत्री आणि पंधरा माणसे यांच्यापुढे चोर थांबत नाही. वस्तीवर एकट्या राहणाऱ्याला एवढे करूनही हत्यार लागतच असेल, तर त्याने रीतसर परवाना घ्यावा, प्रशिक्षण पुरे करावे आणि भिंतीत पक्की लोखंडी पेटी बसवून मगच आणावे. सर्वांत लहान घेऊ नये. हाताला भरणारे, थोडे जड घ्यावे.

आणि जिल्हा मेळाव्यात ठराव एकच असू द्या : कलम १३(३) खालचे पीक संरक्षणाचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांनी मुदतीत निकालात काढावेत, आणि नाकारले तर कारण लेखी द्यावे. रिव्हॉल्व्हर साहेबांची मर्जी आहे. पिकाची राखण आमचा हक्क आहे. मागायचे ते हक्काने मागू.