विश्लेषण : तोतरेपणावरची थेरपी कधी थांबवायची, हे कोणी ठरवायचे?

‘आता छान बोलता, पुढच्या आठवड्यापासून यायची गरज नाही,’ असे थेरपिस्टने सांगितले की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण तोच माणूस ‘प’वर जीभ अडेल म्हणून हॉटेलात पोह्यांऐवजी उपमा मागत असेल, तर थेरपी संपली का?

मोजणीत काय निसटते?

शंभर अक्षरांमागे किती अडखळली, हे थेरपिस्ट मोजतात. मोजणी हवीच. मात्र ती शांत खोलीत, ओळखीच्या माणसासमोर होते. नोकरीची मुलाखत, फोन, स्वतःचे नाव सांगायची वेळ तिच्यात नसते. शब्द बदलून वेळ मारून नेणारा तर कागदावर अस्खलितच ठरतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाची तुलना हिमनगाशी केली ती यामुळेच. भीती, लाज, टाळाटाळ पाण्याखाली असते आणि तिथले फक्त बोलणाऱ्यालाच ठाऊक असते.

मग निर्णय कोणाचा?

लहान मुलांसाठीच्या ऑस्ट्रेलियातील लिडकोम्ब पद्धतीत पालक मुलाच्या बोलण्याला रोज गुण देतात. ते काही आठवडे चांगले राहिले की भेटी हळूहळू विरळ होतात, एकदम बंद नाही. मोठ्यांच्या कॅम्परडाउन पद्धतीत व्यक्ती स्वतःच तीव्रता मोजायला शिकते. म्हणजे साधने आहेत. अडते ते ‘डॉक्टर म्हणतील ते’ या सवयीवर. सर्वाधिक कोंडी किशोरवयीनांची होते: फी पालकांची, निर्णय पालकांचा, अडखळणे मात्र मुलाचे. थोडे अडखळतच, पण न घाबरता वर्गात हात वर करणारी मुलगी ‘आता पुरे’ म्हणाली, तर तो हट्ट नव्हे. तिचे ऐकायलाच हवे.

थांबल्यावर पुन्हा त्रास झाला तर?

प्रौढांमध्ये तोतरेपणा उलटणे नेहमीचेच आहे. ब्रिटनचे सहावे जॉर्ज १९२६मध्ये लायोनेल लोग यांच्याकडे गेले आणि राजा झाल्यावरही मोठ्या भाषणांआधी त्यांची मदत घेत राहिले. त्याला कोणी अपयश म्हटले नाही. परत कधी, कसे यायचे, हे निरोपाआधीच ठरलेले बरे.

खरे तर शेवटाची चर्चा पहिल्याच भेटीत व्हावी: काय जमले म्हणजे पुरे वाटेल? ‘अजिबात अडखळू नये’ असे उत्तर आले, तर प्रौढांना तशी हमी देता येत नाही, हे थेरपिस्टने तेव्हाच सांगावे. ‘ऑफिसातला फोन मी उचलेन’ असे आले, तर फोन उचलला गेला का, हे दर महिन्याला विचारता येते.