रक्ताचा साठा आणि रक्ताचा ओघ

संस्थापकांच्या पुण्यतिथीला आमच्या महाविद्यालयात दरवर्षीप्रमाणे रक्तदान शिबिर झाले. दोनशे बारा पिशव्या जमल्या. आकडा प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लिहिला गेला, छायाचित्रे निघाली, आणि समितीचा सभासद या नात्याने प्रस्तुत लेखकही कृतार्थ होऊन घरी गेला. तीन आठवड्यांनी आमच्याच एका शिपायाच्या नऊ वर्षांच्या मुलीला प्लेटलेटची निकड भासली. तिच्यावर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. "सर, आपण एवढं रक्त दिलं, त्यातलं थोडं मिळेल ना?" असे त्याने विचारले. आम्ही रक्तपेढीत चौकशी केली. त्या दिवसाच्या तांबड्या पेशी शिल्लक होत्या, प्लेटलेट नव्हत्या. त्या पाच दिवसांतच बाद झाल्या होत्या.

यात रक्तपेढीचा दोष नव्हता. चूक आमच्या समजुतीत होती. रक्त ही एकच वस्तू आहे आणि ती पेढीत ठेव म्हणून ठेवता येते, असे आपण धरून चालतो. 'पेढी' हा शब्दही त्या समजुतीला खतपाणी घालतो.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग म्हणजे रक्तद्रव, अर्थात प्लाझ्मा. हे पाणी, क्षार व प्रथिने यांचे पिवळसर मिश्रण होय. उरलेला भाग बहुतांशी प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशींचा. रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट म्हणजेच रक्तबिंबिका मिळून शेकडा एक भागही भरत नाही. परंतु वाहते रक्त थांबवण्याची पहिली जबाबदारी या नगण्य वाटणाऱ्या बिंबिकांवरच असते.

भाजी चिरताना बोट कापले की आपण ते दाबून धरतो आणि काही मिनिटांत रक्त थांबते. या अवधीत प्रथम कापलेली रक्तवाहिनी आकुंचन पावते. मग तिच्या फाटलेल्या कडेशी बिंबिका चिकटतात, आणखी बिंबिकांना बोलावून घेतात आणि भोकावर बूच बसवतात. हे बूच कच्चे असते. ते पक्के करण्याचे काम रक्तद्रवातील प्रथिनांचे. यांतील बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात आणि एरवी निष्क्रिय असतात. जखम होताच पहिले दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला जागे करते. १९६४ साली इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ यांनी स्वतंत्रपणे ही साखळी मांडली. तिच्या शेवटी थ्राँबिन हे द्रव्य विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनच्या न विरघळणाऱ्या धाग्यांत रूपांतर करते. धाग्यांच्या या जाळ्यात पेशी अडकतात आणि गुठळी घट्ट होते. या साखळीला कॅल्शियम लागते. रक्तदानाच्या पिशवीतील सायट्रेट ते कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणूनच पिशवीत रक्त गोठत नाही.

यावरून दिसेल की रक्तस्राव न थांबण्याची कारणे अनेक आहेत. आमच्या शिपायाच्या मुलीच्या हिरड्यांतून रक्त येत होते ते बिंबिका घटल्यामुळे. हिमोफिलियाच्या मुलाच्या बिंबिका पुरेशा असतात, बूचही बसते. परंतु साखळीतला आठवा किंवा नववा घटक उणा असल्याने ते पक्के होत नाही आणि गुडघ्यात रक्त साचत राहते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीला तांबड्या पेशी, रक्तद्रव व बिंबिका असे सर्वच द्यावे लागू शकते. ज्याला जे उणे, ते देणे हेच शहाणपणाचे. यासाठी पिशवीतले रक्त यंत्रात वेगाने फिरवून त्याचे घटक वेगळे करतात, म्हणजे एक पिशवी दोघा-तिघांच्या उपयोगी पडते.

परंतु घटक वेगळे झाले की त्यांची आयुष्येही वेगळी होतात. तांबड्या पेशी थंडाव्यात ३५ ते ४२ दिवस टिकतात. गोठवलेला रक्तद्रव वर्षभर टिकतो. बिंबिका मात्र २० ते २४ अंश तापमानाला, सतत हलत्या ठेवूनही, साधारण पाचच दिवस. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात आम्ही विद्यार्थ्यांना साठा आणि ओघ यांतील भेद शिकवतो. हौदातले पाणी हा साठा, नळाचे पाणी हा ओघ. बिंबिकांच्या बाबतीत हौद बांधताच येत नाही. तेथे नळ रोज चालू असावा लागतो. आम्ही वर्षातून एक दिवस दोनशे बारा घागरी ओतल्या आणि तहान भागली असे समजलो.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हटला की बाजाराचा उपाय सुचवील, असे कोणास वाटेल. हा वाद जुना आहे. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली 'द गिफ्ट रिलेशनशिप' या ग्रंथात ब्रिटनचे ऐच्छिक रक्तदान आणि अमेरिकेतील विकतचे रक्त यांची तुलना केली. पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवतो, म्हणून विकतचे रक्त अधिक धोक्याचे ठरते, असे त्यांनी दाखवले. केनेथ ॲरो यांनी १९७२ साली त्यांच्या काही अनुमानांवर शंका घेतली. आपल्या देशाने मात्र निर्णय घेतला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदान बंद झाले. हा निर्णय योग्यच होता.

तथापि बाजार बंद केला की त्याचे एक कामही बंद पडते, इकडे आपले लक्ष गेलेले नाही. टंचाईच्या वेळी कांद्याचा भाव चढतो आणि तो भावच उत्पादकाला खबर देतो. रक्ताला भाव नाही, म्हणून खबर देणारा कोणी नाही. मे महिन्यात महाविद्यालये ओस पडतात, शिबिरे थांबतात आणि पेढ्या रित्या होतात. दिवाळीच्या सुटीतही तेच. उलट एखाद्या नेत्याच्या वाढदिवशी गावोगावी शिबिरे भरतात आणि बिंबिका वाया जातात. त्याग दोन्हीकडे सारखाच, परंतु एक वेळेवर पोहोचतो, दुसरा पोहोचत नाही. जेथे किंमत मार्ग दाखवीत नाही, तेथे नियोजनाने तो दाखवायला हवा.

हे नियोजन अवघड नाही. दोनशे दात्यांचे एक शिबिर घेण्याऐवजी दर महिन्यास सोळा-सतरा जणांची तुकडी पाठवावी. निरोगी पुरुष दर ९० दिवसांनी आणि स्त्री दर १२० दिवसांनी रक्त देऊ शकते, हे ध्यानी घेऊन याद्या कराव्यात. मे आणि दिवाळीच्या तुकड्यांत बाहेरगावचे विद्यार्थी न घेता गावातच राहणारे शिक्षक व लिपिक घ्यावेत. शिबिर ठरवण्यापूर्वी रक्तपेढीला दोन प्रश्न विचारावेत: आपल्याकडे घटक वेगळे करण्याची सोय आहे काय? आणि आपल्याला कोणत्या आठवड्यात रक्त हवे आहे? दुसरा प्रश्न आम्ही इतक्या वर्षांत एकदाही विचारला नव्हता. आम्ही फक्त आमची तारीख कळवीत होतो.

त्या मुलीला अखेर बिंबिका मिळाल्या. तृतीय वर्षातील दोन विद्यार्थी एस. टी.ने जिल्ह्याच्या गावी गेले. तेथील यंत्राने त्यांच्या रक्तातील बिंबिका तेवढ्या काढून घेतल्या आणि बाकीचे रक्त त्यांना परत दिले. या कामी त्यांचा अर्धा दिवस गेला. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. पुढील वर्षी आमच्या फलकावर एका दिवसाचा आकडा लिहू नये, बारा महिन्यांचे बारा आकडे लिहावेत, अशी सूचना प्रस्तुत लेखकाने समितीपुढे ठेवली आहे. इतर संस्थांनीही तिचा विचार करावा, एवढीच विनंती.