यंत्र घेण्याआधी विहिरीला विचारा



उन्हाळा तोंडावर आला की वसईच्या पट्ट्यातून एकच प्रश्न येतो, "साहेब, सौर पंप घ्यावा का? ठिबक टाकावं का?" जरूर घ्या. पण पैसे मोजण्याआधी थोडा हिशेब करा. तो हिशेब मी माझ्याच चुकीतून शिकलो आहे.

आपल्या वाड्यांतून पूर्वी रहाट चालत. बैल फिरे, गाडगी भरून वर येत आणि पाटाने पाणी केळीला, पानवेलींना जाई. बैल थकला की रहाट थांबे, तेवढ्यात विहीर पुन्हा भरे. पुढे तेलाची इंजिने आली, मग विजेचे पंप आले. माणसाचे आणि जनावराचे कष्ट वाचले. पण पंप थकत नाही, ही गोष्ट आपण ध्यानात घेतली नाही.

किनाऱ्याच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्राच्या पातळीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल, तर खाली त्याचा थर सुमारे चाळीस फूट असतो, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे उपशाने वरची पातळी कायमची एक फूट उतरली, तर खालून खारे पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. त्या चळवळीत टँकरने होणारा पाण्याचा उपसा हाही एक मोठा प्रश्न होता.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका बागायतदाराला तीनऐवजी पाच अश्वशक्तीचा पंप सुचवला. पहिल्या वर्षी बाग हिरवीगार झाली. तिसऱ्या उन्हाळ्यात केळीच्या पानांच्या कडा करपल्या, पाणी मचूळ लागू लागले. त्या घरच्या आजी एवढेच म्हणाल्या, "बाबा, विहिरीला विचारलं होतं का?" मला उत्तर देता आले नाही.

म्हणून आता नवे यंत्र घेताना एवढे करा.

पहिले, एप्रिल-मे महिन्यांत विहीर मोजा. संध्याकाळी उपसा थांबवल्यावर दोरीला गाठ मारून पातळी पाहा. सकाळपर्यंत जेवढे पाणी भरते, तेवढाच तुमचा रोजचा खर्च.

दुसरे, पाणी तपासून घ्या. क्षारतेचा आकडा ०.७५ डेसिसायमनच्या आत असेल तर बहुतेक पिकांना काळजी नाही. २.२५ च्या वर गेला तर केळीचा विचार सोडा.

तिसरे, सौर पंपाला वीजबिल नाही, म्हणून तो दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होतो. बिलाचा लगाम सुटला की स्वतःचा लगाम हवा. पंपाचे तास ठरवून भिंतीवर लिहून ठेवा.

चौथे, ठिबक आधी थोड्या वाफ्यांवर एक हंगाम चालवा. गाळणी कोण धुणार, नळ्यांची तोंडे कोण तपासणार, हे घरात बसून ठरवा. बहुधा हे काम घरच्या बाईवर येते, तेव्हा विक्रेत्याकडून शिकायला तिलाच पुढे बसवा. अनुदान हवे असेल तर पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करा.

पाचवे, पाणी धरायला वर्षानुवर्षे येणाऱ्या गड्याशी आधी बोला. त्याचे पाटाचे काम जाईल, पण छाटणी, काढणी, नळ्यांची देखभाल ही कामे राहतात. ती त्याला शिकवा. ऐन हंगामात "आता नको" म्हणाल, तर पुढे हाक मारल्यावर तो येणार नाही.

आणि शेवटचे, घराजवळचे बावखल बुजवू नका. पावसाचे पाणी तिथेच मुरते आणि विहिरीला मिळते.

यंत्र बिघडले तर दुकानात दुरुस्त होते. खारी झालेली विहीर गोडी व्हायला किती पावसाळे लागतील, ते कोणी सांगू शकत नाही. या आठवड्यात दोरी घ्या आणि विहिरीवर जा.