मंदारवतीला कुणी विचारलं?

आमच्या वाचनालयाच्या माडीवर दर गुरुवारी दुपारी आम्ही बारा-पंधरा जणी जमतो. वेळ दोनची ठरलेली, पण ओटा आवरून सगळ्या येईपर्यंत अडीच होतातच. एरवी कुणी कादंबरीतला उतारा वाचतं, कुणी नवी रेसिपी सांगतं. या श्रावणात मात्र मी ‘वेताळ पंचविशी’ काढली आणि पहिल्याच दिवशी नाकं मुरडली गेली. “अगं, हे पोरांचं पुस्तक!” इति आमच्या निवृत्त शिक्षिका बाई. “आणि श्रावणात भुताखेताचं कशाला?” इति मागच्या गल्लीतल्या काकू.

तशी आम्ही सगळ्यांनीच ती लहानपणी वाचलेली. ‘चांदोबा’तलं ते चित्र आठवतंय ना? खांद्यावर प्रेत टाकून, हातात तलवार घेऊन निघालेला राजा. पुढे १९८५ साली दूरदर्शनवर मालिका आली, अरुण गोविल विक्रम आणि सज्जन वेताळ. रविवारी त्या वेळी आमच्या वाड्यात कुणी नळाला पाणी आलं तरी उठायचं नाही!

आमच्यातल्या एकीची कॉलेजात जाणारी मुलगी मात्र वेगळ्याच अपेक्षेने आली होती. रिचर्ड बर्टन नावाच्या इंग्रजाने १८७० साली यातल्या अकरा गोष्टी आपल्या पद्धतीने इंग्रजीत सांगितल्या आणि पुस्तकाला नाव दिलं ‘विक्रम अँड द व्हँपायर’. मी हे बोलून गेले आणि ती सरसावून बसली. तिच्या डोक्यात ‘ट्वायलाइट’मधला गोरापान नायक. दोन गोष्टी ऐकल्यावर ती हिरमुसली. “मावशी, हा रक्त कुठे पितो? हा तर नुसते प्रश्न विचारतो!”

तिचं बरोबरच होतं. आपला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लोंबकळतो, पण कुणाच्या मानेला दात लावत नाही. सिंधुदुर्गातून इकडे सून म्हणून आलेली आमची एक मैत्रीण तर रागावलीच. “आरवलीच्या वेतोबाला आम्ही केळ्यांचा घड वाहतो, मोठाल्या चामड्याच्या चपला वाहतो. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात. त्याला रक्तपिपासू म्हणता?” बर्टनसाहेबांना इंग्रज वाचकांसाठी ओळखीचा शब्द हवा होता, त्यांनी तो घेतला. आपण तो परत कशाला आणायचा?

पण मला बोलायचंय ते वेताळाच्या प्रश्नांबद्दल. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर जाईन, ही त्याची अट. (बोललं तरी पंचाईत, गप्प बसलं तरी पंचाईत. हे ऐकून आमच्यातल्या दोघीतिघी एकमेकींकडे बघून हसल्या.) मी ठरवलं, गोष्ट प्रश्नापर्यंतच वाचायची. राजाचं उत्तर नंतर, आधी आमची मतं.

सुरुवात मंदारवतीच्या गोष्टीने. तिला मागणी घालणारे तीन तरुण. लग्न ठरण्याआधीच ती तापाने जाते. एक जण स्मशानात तिच्या राखेवर झोपून राहतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेवर जातो, तिसरा भटकत भटकत संजीवनी मंत्र मिळवतो. ती जिवंत होते आणि तिघे भांडू लागतात. बायको कुणाची? आमच्या बाई म्हणाल्या, ज्याने विद्या मिळवली त्याची. पोळी-भाजी केंद्र चालवणारी आमची मैत्रीण म्हणाली, जो जागचा हलला नाही त्याची, बाकीचे दोघे गावभर हिंडत होते. मग मी विक्रमाचं उत्तर वाचलं. जीव देणारा तो बाप झाला, अस्थी नेणारा तो मुलगा झाला, राखेवर झोपणारा तोच नवरा. काय सुरेख तर्क, असं सगळ्या म्हणत होत्या.

तेवढ्यात कोपऱ्यातून प्रश्न आला, “पण ती उठून बसली, तेव्हा तिला कुणी विचारलं का?”

विचारणारी तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. वर्षभरात तिचा चार वेळा दाखवण्याचा कार्यक्रम झालाय, पोहे तिनेच केलेत, आणि नकार-होकार काकांच्या फोनवर झालेत. आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक. एक मिनिट कुणी काही बोललंच नाही. मी आजवर ही गोष्ट कितीदा वाचली, मुलांना झोपवताना सांगितली, पण मला हा प्रश्न पडला नव्हता. खोटं कशाला बोलू?

त्यानंतर मतांना जी धार चढली! मदनसेना लग्नाआधी एकाला दिलेला शब्द पाळायला लग्नानंतर रात्री एकटी निघते. नवरा जाऊ देतो. वाटेत चोर अडवतो, परत यायचं वचन घेऊन तोही सोडतो. ज्याला शब्द दिला तो तिला हात न लावता परत पाठवतो. येताना चोरही सोडून देतो. तिघांत थोर कोण? विक्रम म्हणतो, चोर. आमच्याकडे एकमताने उत्तर आलं, मदनसेना. अंधारात जंगल तुडवत गेली ती, आणि मोठेपणाची वाटणी तिघांत!

तीन नाजूक राण्यांच्या गोष्टीला तर हसून हसून पुरेवाट. एकीला कमळ पडून जखम होते, दुसरीच्या अंगावर चांदण्याने फोड येतात, तिसरीच्या हातांवर दूर कुठे तरी चाललेल्या मुसळाच्या आवाजानेच वळ उठतात. अर्थात तिसरी सगळ्यात नाजूक. पोळी-भाजीवालीने विचारलं, “आणि मुसळ जिच्या हातात होतं, तिच्या हातांचं काय?”

भांडण झालं ते पोपट-मैनेच्या गोष्टीवरून. पुरुष वाईट की बाई, असा त्यांचा वाद. मैना दुष्ट पुरुषाची गोष्ट सांगते, पोपट दुष्ट बाईची. आणि राजाचं उत्तर काय, तर असा पुरुष एखादाच, बायका मात्र बहुतेक तशाच. मी वाचून थांबले. काकू म्हणाल्या, “खरंच आहे, बाईच बाईची वैरी.” झालं! चहा निवला. कुणी म्हणालं, ही गोष्ट वगळूनच टाका. बाई म्हणाल्या, हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला आजची फूटपट्टी लावू नका.

बाईंचं म्हणणं मला अर्धं पटतं. आज जो पाठ आपण जास्त ओळखतो, तो अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त लिहिला, आणि तो लिहिला राणी सूर्यमतीचं मन रमावं म्हणून. म्हणजे पहिली वाचक बाईच. तिचं मत काय होतं, याची नोंद नाही. नोंद आहे ती एवढीच, की मुलाशी झालेल्या कलहात नवरा अनंतराजाने जीव दिला आणि ती त्याच्यामागे सती गेली. अशा बाईसमोर मंदारवतीची गोष्ट वाचली गेली असेल. पोपटाचा तो न्यायही.

तरीही गोष्टी वगळायला माझा विरोध आहे. राजाचं उत्तर वगळलं, तर पुढच्या मुलीने भांडायचं कशाशी? आणि या पुस्तकात उत्तरापेक्षा प्रश्न मोठा आहे, तो कुणाही पुढे ठेवता येतो. गिरीश कर्नाडांनी तेच केलं. शिरांच्या अदलाबदलीच्या गोष्टीत विक्रम शास्त्र सांगून मोकळा होतो, की शिर श्रेष्ठ, म्हणून ज्याचं शिर तो नवरा. कर्नाडांच्या १९७१ च्या ‘हयवदन’मध्ये मात्र त्या बाईला काय हवंय, हेच नाटक होतं. विजया मेहतांनी ते मराठीतही आणलं.

शिवाय पुस्तक आपल्या घरचं आहे. सोमदेवाच्या पाठात राजाचं नाव त्रिविक्रमसेन आणि गाव गोदाकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. आपण पैठणीच्या निमित्ताने जातो, त्या पैठणचा राजा स्मशानातून प्रेत वाहत होता, हे ऐकून दोघींनी पुढच्या सहलीचा बेतही केला.

गेल्या गुरुवारी चोविसावी गोष्ट झाली. एक राजा आणि त्याचा मुलगा रानात चाललेत, समोर दोन बायकांची पावलं उमटलेली दिसतात. ठरतं असं, की मोठ्या पावलांची बापाने करायची, लहान पावलांची मुलाने. निघतात मायलेकी, आणि लहान पावलं आईची! पण शब्द तो शब्द. बापाने लेक केली, मुलाने आई. आता त्या दोन जोडप्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? इथे विक्रम पहिल्यांदाच गप्प बसतो आणि म्हणून वेताळ परत पळून जात नाही.

आम्हीही सगळ्या गप्प. बाईंनी वहीत आकृती काढायला घेतली. एवढा वेळ भिंतीला टेकून डुलक्या काढणाऱ्या आजींनी डोळे उघडले, दोन बोटं मोजली आणि म्हणाल्या, “सोपं आहे की. बापाचा पोरगा दुसऱ्याचा काका, आणि तो दुसरा ह्याचा मामा. मुंजीत कोण कोणाच्या पाया पडणार, एवढंच काय ते ठरवा.”