आकड्यामागची हवा

संग्रहालयात जुन्या ली-एनफील्ड रायफलीपुढे उभे राहिलेले इतिहासप्रेमी तिच्या मागच्या शिस्तीवरचा २००० यार्डांचा आकडा वाचतात आणि तो शस्त्राचा अंगभूत गुण समजतात. वास्तविक तो आकडा एका विशिष्ट हवेपुरताच खरा असतो.

१९०९ च्या ब्रिटिश नियमावलीने ती हवा स्पष्ट सांगितली होती: वायुभार ३० इंच, म्हणजे समुद्रसपाटीचा, तापमान ६० अंश फॅरनहाइट, वारा शांत. थोडक्यात, विलायतेच्या किनाऱ्यावरचा एक सुखद दिवस! तीच रायफल घेऊन ६ व्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, १०५ नव्हे, तर १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी १९१५ साली मेसोपोटेमियाच्या उन्हात लढल्या.

उष्णतेने हवा विरळ होते आणि काडतुसातली दारूही अधिक जोमाने जळते. दोन्हींचा परिणाम एकच: लांबच्या निशाण्यावर गोळी वर लागते. पनवेलमध्येच डिसेंबरच्या पहाटेचे १५ अंश सेल्सिअस आणि मेच्या दुपारचे ४० अंश यांत हवेच्या घनतेचा फरक सुमारे ८ टक्के पडतो.

उंचीचा परिणाम याहून मोठा. पनवेल खाडीकाठी, तर लेह सुमारे ३५०० मीटरवर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के. तिथली थंडी हवा दाट करून आणि दारू मंदावून यातला काही भाग परत घेते, सगळा नाही. कारगिलमध्ये १९९९ साली बोफोर्सचे गोळे विरळ हवेमुळे सपाटीपेक्षा दूर जात, ते याच कारणाने.

आज दुर्बिणीच्या टरेटवर, म्हणजे नेम वर-खाली करणाऱ्या चकतीवर, मागणीनुसार थेट अंतरेच कोरून मिळतात. चकतीची एक ‘क्लिक’ हा एक ठरावीक कोन असतो. पुष्कळ दुर्बिणींत १०० मीटरवर १ सेंटिमीटर. डोंगर चढल्याने तो कोन बदलत नाही. खोटा पडतो तो कोरलेला ‘८००’, कारण तो एका काडतुसासाठी, एका वायुभारासाठी आणि एका तापमानासाठी काढलेला असतो. शंभर मीटरवर हे जाणवतही नाही. अंतर वाढते तशी चूक वाढते.

म्हणून चुकलेल्या नेमावरून सैनिकाचे कसब ठरवण्याची घाई इतिहासलेखनात खटकते. लढाईची तारीख नोंदवणाऱ्याने ठिकाणाची उंची आणि ऋतूही नोंदवावा.

मात्र ही सबब सरसकट लावणेही चूक. जानेवारी १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने पनवेलजवळचा कर्नाळा घेतला, तेव्हाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी मुळातच सैल बसे. तिथे नेम चुकायला हवेची गरज नव्हती.