कान वाहतो, पण दुखणे नाकातले

शेतीच्या पानावर कानाचा विषय कशाला, असे तुम्हांला वाटेल. पण शिवारात फिरताना दर थंडीत हे हमखास दिसते. ऊसतोडीच्या कोपीबाहेर नाक गळणारी पोरे, त्यातल्या एखाद्याच्या कानात कापसाचा बोळा. विचारले तर आई सांगते, "कान फुटलाय साहेब, लसणाचं कोमट तेल सोडलंय." कशाने फुटला? उत्तर ठरलेले, "आंघोळीचं पाणी गेलं."

गफलत इथेच होते. कानाचा पडदा शाबूत असेल तर बाहेरचे पाणी त्याच्या आत जातच नाही. पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते, तो मधला कान. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. आत हवा खेळती ठेवायची आणि ओल बाहेर काढायची, ही तिची कामे. आपल्या भाषेत हा निचऱ्याचा चर समजा. मोठ्या माणसात त्याला चांगला उतार असतो, लहान मुलात तो आखूड आणि जवळपास आडवा. सर्दीने नळी आतून सुजली की निचरा बंद. मग चिबडलेल्या वावरासारखे पाणी साचते, नाक-घशातले जंतू त्यात वाढतात, पू होतो आणि पडदा ताणला जातो. रात्री पोर ठणक्याने ओरडते ते यामुळे. पडदा फाटून पू वाहिला की ठणका थांबतो आणि आपण म्हणतो, तेलाने गुण आला. खरे तर तेलाचा त्यात काही संबंध नाही. उलट फाटक्या पडद्यातून ते आत जाते, हे वेगळेच.

म्हणून कारणे कानात न शोधता घरात शोधा. बंद खोपीत चुलीचा धूर, वर घरातल्याची बिडी. धुराने त्या नळीचे अस्तर खराब होते. गॅसची टाकी परवडत नाही हे मान्य, पण निदान चूल उघड्यावर मांडा आणि तान्हे बाळ धुरापासून लांब ठेवा. बाळाला आडवे निजवून बाटली तोंडात देऊ नका, दूध त्याच नळीकडे जाऊ शकते. पहिले सहा महिने अंगावरचेच दूध द्या. आणखी एक, न्यूमोकोकल लस. कानात पू करणाऱ्या एका मुख्य जंतूवर ती काम करते. २०२१ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना असे तिचे तीन डोस.

ताजा फुटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. पण दोन आठवड्यांवर कान वाहत राहिला तर "मोठा झाला की थांबेल" म्हणून बसू नका. ऐकू कमी येते, पोर वर्गात मागे पडते आणि गुरुजी त्याला माठ ठरवतात. ते माठ नसते, त्याला ऐकूच येत नसते! घाण वास येणारा पू, कानामागे सूज, तोंड वाकडे होणे, सारखी उलटी किंवा जबर डोकेदुखी यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रोग हाडातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

दवाखान्यात जाईपर्यंत स्वच्छ सुती कापडाची वात करून पू टिपा, दिवसातून तीनदा. विहिरीत पोहणे बंद. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका, फाटक्या पडद्याला काही थेंब अपाय करतात. गोळ्या लिहून दिल्या तर पूर्ण संपवा.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनाही दोन शब्द. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते. नेमकी तेव्हा तोडीला गेलेली पोरे गावात नसतात. गावात बाहेरची टोळी उतरली की त्याच आठवड्यात आशाताईंना आणि उपकेंद्राला कळवा. आणि मुकादमांनो, टोळी निघताना कोयत्याबरोबर लसीचे कार्डही घ्यायला सांगा. राहिलेला डोस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतो.