नोंदीचा हंगाम आणि आवृत्तीची घाई

शासकीय कामासाठीच्या मोबाइल अ‍ॅपची नवी आवृत्ती लोकांपर्यंत वेळेत पोहोचली नाही, किंवा पोहोचूनही ती नीट चालली नाही, की त्याचे खापर दोनच ठिकाणी फोडण्याची रीत पडली आहे. एक ठिकाण म्हणजे अ‍ॅप प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याची तपासणी करणारे अ‍ॅप स्टोअर, आणि दुसरे म्हणजे ‘अपडेट करून घेतले नाही’ असा ठपका ज्याच्यावर ठेवला जातो तो सामान्य वापरकर्ता. हे दोन्ही आरोप टिकणारे नाहीत, आणि आवृत्ती केव्हा व कशी सोडायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी मात्र त्यांच्या आड झाकली जाते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी महाराष्ट्राच्या महसूल विभागाचे ‘ई-पीक पाहणी’ हे अ‍ॅप विचारात घेतले आहे. या उपक्रमाची प्रायोगिक सुरुवात पालघर जिल्ह्यात झाली, आणि त्या जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत अ‍ॅपच्या आवृत्तीचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो हे सर्वांत स्पष्ट दिसते.

प्रथम ही नोंद म्हणजे काय, ते पाहणे आवश्यक आहे. ज्याला बोलीत सातबारा म्हणतात त्यात दोन गावनमुने एकत्र असतात: नमुना सात हा जमिनीवरील हक्कांचा, आणि नमुना बारा हा त्या जमिनीत कोणत्या हंगामात किती क्षेत्रावर कोणते पीक होते याचा. हा दुसरा नमुना पूर्वी तलाठी गावात फिरून, बांधावर जाऊन भरत असे, निदान तसे अपेक्षित होते. प्रत्यक्षात अनेक गावांची पीक पाहणी सजाच्या कार्यालयात बसूनच लिहिली जाते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीने ही लेखणी खातेदाराच्या हाती दिली. त्याने आपल्या गटात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे, अ‍ॅपने त्या छायाचित्रासोबत अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि ती माहिती नमुना बारामध्ये जावी, अशी ही रचना आहे. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’ ही तिची घोषणा होती, आणि तिच्यातील ‘मीच’ या शब्दाचे मोल डहाणू-तलासरीत इतर कोणत्याही ठिकाणापेक्षा कमी नाही. तलासरीतील झरी येथे २३ मे १९४५ रोजी वारली शेतमजुरांनी वेठबिगारीविरुद्ध एकत्र येऊन जो लढा पुकारला, त्याच्या मुळाशी जमीन कसणारा एक आणि कागदावर मालक दुसरा, हीच विषमता होती. पुढे १९४८ च्या कुळकायद्याखाली कोण कसतो हे ठरवताना पीक पाहणीतील नावाला पुराव्याचे महत्त्व आले. आजही आधारभूत किमतीने भात विकायचे असेल, तर खरेदी केंद्रावरील नोंदणीसाठी चालू हंगामाची पीकनोंद असलेला सातबारा मागितला जातो, आणि पीकविमा किंवा अतिवृष्टीची नुकसानभरपाई यांच्या वेळीही हीच नोंद पुढे येते. म्हणून या अ‍ॅपची एक आवृत्ती पंधरा दिवस बंद पडणे म्हणजे एखादा खेळ पंधरा दिवस बंद पडणे नव्हे.

पहिला पूर्वपक्ष असा की, अ‍ॅप स्टोअरची तपासणी हाच खरा अडथळा आहे. शासनाचे अ‍ॅप एका खासगी कंपनीच्या परवानगीसाठी का थांबावे, आणि हंगाम चालू असताना दुरुस्ती का रखडावी? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी तपासणीचे स्वरूप समजून घ्यावे लागते. विकासक, म्हणजे अ‍ॅप घडवणारा चमू, नवी आवृत्ती तयार करतो, तिला आधीच्यापेक्षा मोठा आवृत्ती क्रमांक देतो, आपल्या गुप्त डिजिटल किल्लीने तिच्यावर सही करतो आणि ती स्टोअरकडे पाठवतो. तेथे यंत्राद्वारे व गरज असेल तेथे माणसांकडून तिची छाननी होते: तिच्यात घातक संगणकीय आज्ञा नाहीत ना, कॅमेरा, ठिकाण वा संपर्कयादी यांची मागितलेली परवानगी कामाशी सुसंगत आहे का, वापरणाऱ्याच्या माहितीचे काय होते हे खरे सांगितले आहे का. अ‍ॅपल ही छाननी २००८ साली आपले स्टोअर उघडल्यापासून करत आले आहे. गुगलने प्रसिद्धीपूर्वी माणसांकडून तपासणी होत असल्याचे २०१५ साली जाहीर केले. बहुतेक प्रकरणे लवकर निकाली निघतात, परंतु काही अ‍ॅप्सना सात दिवस किंवा अपवादाने त्याहून अधिक लागू शकतात, असे गुगल स्वतःच सांगते. ज्या विलंबाची कमाल मर्यादा साधारणपणे आधीच ठाऊक आहे, त्याला अडथळा म्हणणे योग्य नाही. ते वेळापत्रकात धरायचे दिवस आहेत. ज्या प्रशासनाला निविदेचे, हरकतींचे, फेरफार नोंदीच्या नोटिशीचे दिवस मोजता येतात, त्याला हे सात दिवस मोजता येत नाहीत असे मानण्याचे कारण नाही.

या पूर्वपक्षातूनच एक घातक सूचना निघते, ती अशी की स्टोअरला वगळून अ‍ॅपची फाइल थेट व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पाठवावी. तिचा निषेध स्पष्ट शब्दांत करावा लागतो. पीएम-किसानच्या नावाने किंवा वाहतूक दंडाच्या नावाने अशाच फाइली पाठवून लोकांची बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार देशभर घडले आहेत आणि त्याविरुद्ध पोलिसांनी व शासनाने वेळोवेळी इशारे दिले आहेत. एकीकडे ‘अनोळखी फाइल उघडू नका’ असे सांगायचे आणि दुसरीकडे शासनाची फाइल त्याच मार्गाने उघडायला लावायची, यातून पाड्यावरील माणसाला खरे-खोटे ओळखण्याची जी एकच खूण शिकवता आली होती तीही पुसली जाते.

शिवाय, प्रत्येक बदलासाठी नवी आवृत्ती लागते, हे गृहीतकच चुकीचे आहे. अ‍ॅपमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी असतात: एक त्याची आज्ञावली, आणि दुसरी त्याला लागणारी माहिती. आज्ञावली स्टोअरबाहेरून बदलण्यास गुगल प्लेचे नियम मनाई करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु पिकांची यादी, नोंदणीची अंतिम तारीख, छायाचित्र गटापासून किती अंतराच्या आत घेतले पाहिजे याची मर्यादा, मदतीचा मजकूर या साऱ्या गोष्टी सर्व्हरवरून, म्हणजे मध्यवर्ती संगणकावरून, पुरवता येतात आणि कोणत्याही छाननीची वाट न पाहता बदलता येतात. नाचणी किंवा वरई यादीत घालण्यासाठी, अथवा मुदत आठ दिवसांनी वाढवण्यासाठी, एखाद्या अ‍ॅपला नवी आवृत्ती काढावी लागत असेल, तर तो दोष अ‍ॅपच्या रचनेचा मानला पाहिजे.

याच्या अगदी उलट आणखी एक भ्रम आहे: स्टोअरने मान्यता दिली म्हणजे आवृत्ती चांगली असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. स्टोअरची छाननी अ‍ॅप फसवणूक करत नाही, नियम मोडत नाही एवढेच पाहते. सायवनच्या बाजूच्या डोंगरउतारावर, ऑगस्टच्या पावसात, दोन-तीन वर्षांपूर्वीच्या स्वस्त फोनवर काढलेले भातखाचराचे छायाचित्र नेटवर्क नसताना फोनमध्ये सुरक्षित राहते का, आणि माणूस डहाणू रोड किंवा कासा येथे बाजाराला आल्यावर ते आपोआप सर्व्हरकडे जाते का, हे दूरदेशीच्या तपासनिसाला कळण्याचा मार्ग नाही. ते ज्याने अ‍ॅप काढले त्यानेच त्या उतारावर उभे राहून तपासले पाहिजे.

वापरकर्त्याला दोष देणारा दुसरा पूर्वपक्ष सर्वांत अन्यायाचा आहे, म्हणून त्याचा विचार अधिक विस्ताराने करावा लागतो. ‘शेतकऱ्याने अ‍ॅप वेळेवर अपडेट केले नाही, म्हणून नोंद झाली नाही’, असे सांगितले जाते. फोनमधील अ‍ॅप आपोआप अद्ययावत होते हे खरे, परंतु ही आपोआप होणारी क्रिया मुख्यतः वायफायवर चालेल अशा बेताने रचलेली असते, आणि फोनमध्ये जागा रिकामी असावी लागते. ज्या घरात वायफाय नाही, दिवसाला मोजका डेटा देणारे रिचार्ज आहे आणि फोनची साठवण भरलेली आहे, तेथे ते अ‍ॅप महिनोन् महिने जुन्याच आवृत्तीवर राहणे ही आळसाची खूण नाही, ती त्या व्यवस्थेची स्वाभाविक परिणती आहे. त्यातही तलासरीसारख्या गुजरातला लागून असलेल्या तालुक्यात घरातील तरुण उंबरगाव किंवा वापीच्या कारखान्यांत कामाला जातो आणि घरातला चांगला फोन बहुधा त्याच्याजवळ असतो. आवणी करणारी, खाचर प्रत्यक्ष ओळखणारी माणसे मागे राहतात. आणखी एक तांत्रिक बाब अशी की, नव्या आवृत्तीसाठी अँड्रॉइडची किमान पातळी वाढवली, तर जुन्या फोनवर स्टोअर ती आवृत्ती देतच नाही. अशा वेळी सर्व्हरने जुन्या आवृत्तीकडून येणारी नोंद नाकारायला सुरुवात केली, तर त्या माणसापुढे अपडेट करण्याचा मार्गही नसतो आणि नोंद करण्याचाही.

याहून अधिक हानी करणारा एक सल्ला सर्रास दिला जातो: ‘अ‍ॅप काढून टाका आणि पुन्हा घ्या.’ अँड्रॉइडवर अ‍ॅप काढून टाकले की त्या अ‍ॅपने स्वतःपाशी साठवलेली माहितीही सामान्यतः नष्ट होते. नेटवर्क नसलेल्या बांधावर पूर्ण करून पुढे पाठवण्यासाठी फोनमध्ये राखून ठेवलेली पीक पाहणी या एका सल्ल्याने पुसली जाऊ शकते, आणि ज्याची नोंद पुसली गेली त्याला ते कळतही नाही, कारण आपण काम केले आहे अशीच त्याची समजूत असते. खरेदी केंद्रावर भात घेऊन गेल्यावर ज्याला हे प्रथम कळेल, त्याला ‘तुम्ही अपडेट केले नसेल’ असे उत्तर देणे हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

तर मग योग्य काय, हे सांगणे हा मंडनाचा भाग. महसूल खात्याचे वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, तो दिवस महसूल दिन म्हणून पाळला जातो, आणि खरिपाची शेतकरीस्तरावरील नोंदही साधारणतः त्याच दिवसापासून घेतली गेली आहे. ई-पीक पाहणीची दुसरी आवृत्ती १ ऑगस्ट २०२२ या दिवशीच आणली गेली. त्या आवृत्तीत चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय आली, आणि खातेदाराची नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्याने केवळ दहा टक्के तपासणी करावी असे ठरले. हे बदल स्वागतार्ह होते आणि त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो मुहूर्तावर. आरंभाचा समारंभ आणि नोंदणीचा पहिला दिवस एकच ठेवला, तर नव्या आवृत्तीतील दोष शोधण्याचे काम शेतकऱ्याच्या हंगामावर येऊन पडते. डहाणू-तलासरीतील शेतकरी भाताचा राब पाऊस पडण्यापूर्वी भाजून ठेवतो, आणि रोप हाती आल्याशिवाय आवणीला उतरत नाही. अ‍ॅपच्या आवृत्तीसाठीही हाच क्रम लागू केला पाहिजे.

त्याची साधने स्टोअरमध्येच उपलब्ध आहेत. गुगल प्लेवर ‘बंद चाचणी’ची सोय असते, तिच्यात ठरावीक ईमेल पत्त्यांच्या लोकांनाच नवी आवृत्ती मिळते. मे महिन्यातच ती डहाणू-तलासरीतील तलाठी, कोतवाल, कृषी सहायक आणि स्वेच्छेने पुढे येणारे खातेदार यांच्या फोनवर द्यावी, आणि किनाऱ्यालगतच्या घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाडीत व पूर्वेकडील वरकस जमिनीत, अशा दोन्ही ठिकाणी ती चालवून पाहावी. त्यानंतर ‘टप्प्याटप्प्याने वितरण’ नावाची दुसरी सोय वापरावी, जिच्यात अद्ययावत आवृत्ती प्रथम एक टक्का, मग पाच, मग वीस टक्के वापरकर्त्यांना दिली जाते आणि बिघाड दिसताच पुढचे वितरण थांबवता येते. येथे एक गोष्ट विसरता कामा नये: हे टक्के स्टोअर यादृच्छिकपणे निवडते, तालुका निवडून देत नाही, म्हणून दुर्गम भागाची चाचणी आधीच्या बंद टप्प्यातच व्हायला हवी. एकदा फोनवर पोहोचलेली आवृत्ती मागेही घेता येत नाही. जुनी आवृत्ती परत द्यायची तरी तिला अधिक मोठा क्रमांक देऊन नव्याने छाननीतून न्यावे लागते, आणि जुलैअखेरपर्यंत वितरण पूर्ण करण्याचे खरे कारण हेच आहे. तपासणी लवकर संपली म्हणून आवृत्ती लगेच बाहेर पडावी असेही नाही. मान्यता मिळालेली आवृत्ती राखून ठेवून आपल्या सोयीच्या दिवशी प्रसिद्ध करण्याची मुभा स्टोअर देते.

यावर असे म्हटले जाईल की शासनाचे निर्णय उशिरा होतात, केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जुळवून घ्यावे लागते, आणि सुरक्षेची त्रुटी सापडली तर हंगामातही दुरुस्ती करावी लागते. यांपैकी शेवटची गोष्ट मान्य केलीच पाहिजे. सुरक्षेची दुरुस्ती थांबवता येत नाही, आणि तशी आवृत्ती तातडीने, परंतु फक्त तेवढ्याच बदलासह, काढावी. उरलेल्या दोन गोष्टींना मात्र एकच उत्तर आहे: उशिरा झालेला निर्णय पुढच्या हंगामासाठी राखून ठेवावा, आणि ज्या गटांची नोंद शेतकऱ्याकडून राहून गेली ती घेण्यासाठी नेमलेल्या सहायकांना अ‍ॅप बंद असतानाही कागदावर सही घेऊन नोंद स्वीकारण्याचा अधिकार द्यावा. त्यामुळे काम वाढेल, हे खरे आहे. परंतु ते काम ज्यांच्या निर्णयामुळे वाढले त्यांच्याच वाट्याला ते येईल.

महसूल विभागाने प्रत्येक वर्षी ३१ मेपूर्वी एक आदेश काढावा, की १ ऑगस्टला खातेदाराच्या फोनवर जी आवृत्ती असेल तिच्यावरून आलेली पीक पाहणी त्या खरिपाच्या अखेरच्या दिवसापर्यंत स्वीकारली जाईल. हा आदेश काढण्यासाठी कोणत्याही स्टोअरची परवानगी लागत नाही.